सहा दहाची बस आणि माझी फळी

मित्रांनो, सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करते. ज्या खुर्चीसाठी मोठमोठी माणसे एकमेकांचे पाय ओढतात, ती खुर्ची मी नव्हे. मी सलूनमधली एक जुनी फिरती खुर्ची आहे. माझ्यावरूनही भांडणे होतात, पण फक्त रविवारी सकाळी, आणि तीही "नंबर माझा होता" एवढ्यापुरतीच.

माझा जन्म ओतकामाच्या एका कारखान्यात झाला. माझा पाय बिडाचा आहे. पोटात तेलाचा पंप आहे. बाजूचा दांडा पायाने दाबला की मी गिऱ्हाइकासकट वर जाते, आणि उचलला की सुस्कारा टाकत खाली येते. मला दुकानात आणायला चार माणसे लागली होती, आणि त्यातल्या एकाने नंतर आठवडाभर कंबर धरली होती. हे मी अजून अभिमानाने सांगते.

माझ्याबरोबर एक फळीही आली. लहान मुलांचे केस कापताना ती माझ्या दोन्ही हातांवर आडवी टाकायची आणि मुलाला तिच्यावर बसवायचे, म्हणजे त्याचे डोके आरशात दिसते. आमच्या भागातले किती तरी लोक त्या फळीवर बसून पहिल्यांदा रडले आहेत. ही फळी लक्षात ठेवा. पुढे तिने मोठेच काम केले.

मला विकत घेणारे दुकानदार आता नाहीत. त्यांचा मुलगा दुकान चालवतो. वडिलांनी त्याला कात्री शिकवली, वस्तरा शिकवला आणि एक नियम शिकवला. ते म्हणायचे, "गिऱ्हाइकाची मान आपल्या हातात असते, तेव्हा वाद घालायचा नाही. तो काय म्हणेल त्याला होय म्हणायचं." मुलाने हा नियम इतका मनावर घेतला की गिऱ्हाइके त्याला प्रेमाने होयबाच म्हणू लागली.

त्याचे होय ऐकणे ही एक करमणूकच होती. दहा वाजता बेकरीवाला बसायचा आणि म्हणायचा, "या नगरपालिकेने शहराची पार वाट लावली." होयबा म्हणायचा, "अगदी खरं बोललात." साडेदहाला पाणीखात्यातला कारकून बसायचा आणि म्हणायचा, "इतकी चांगली नगरपालिका आजवर झाली नाही." होयबा कात्री न थांबवता म्हणायचा, "लाखातलं बोललात." मतदानही तो असाच करायचा. दुकान बंद करताना शेवटच्या गिऱ्हाइकाने ज्याचे नाव घेतले असेल, त्याला मत. एकदा शेवटचे गिऱ्हाईक मुके होते, तर तो मतदानालाच गेला नाही.

पण माणूस लाख मोलाचा. त्याच्या हाताने एकदाही कोणाला रक्त आले नाही. मला दर शनिवारी तो स्वतः पुसायचा आणि दर महिन्याला माझ्या पोटात तेल घालायचा.

मग माझे दिवस फिरले. सहा वर्षांपूर्वी दुकानात एक नवी, हलकी, चकचकीत खुर्ची आली. तिला आरशासमोरची जागा मिळाली आणि मी मागच्या कोपऱ्यात, खिडकीपाशी गेले. माझ्यावर जुनी वर्तमानपत्रे साचू लागली. माझ्या बैठकीचे रेक्झिन फाटले, त्यातून कापूस डोकावू लागला, आणि येणारी पोरे तो उपटू लागली. मला वाईट वाटायचे. पण कोपऱ्यात एक सुख होते. शाळा सुटली की होयबाची मुलगी येऊन माझ्यात मांडी घालून बसायची.

तिला सगळे बारकी म्हणतात. नाव बारकी, पण उंची बापापेक्षा चार बोटे जास्त. याच फळीवर बसून तिचे पहिले केस कापले गेले, माझ्या हातांवर तिने अक्षरे गिरवली, आणि अठरा वर्षांची झाली तरी बसायला तिला मीच लागायचे. ती नर्सिंग शिकत होती. दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला, नदीपलीकडे. बारकी आणि तिची आई दोघी सकाळी सहा दहाच्या बसने जायच्या. आई तिथे धुलाईघरात कामाला होती. बसचा थांबा आमच्या दुकानासमोरच आहे. माझ्या खिडकीतून दिसतो.

बारकीला राजकारणाचा मनापासून कंटाळा होता. आणि का नसावा? जन्मभर तिने बापाला दोन्ही बाजूंना होय म्हणताना ऐकले होते. दुकानात नेहमी येणारे निवृत्त पोस्टमन आजोबा तिला एकदा म्हणाले, "अगं, अठरा पूर्ण झाली ना तुला? मतदार यादीत नाव घातलंस का?"

"कशाला, आजोबा? कोणीही आलं तरी बाबा त्याला होयच म्हणणार."

सगळे हसले. होयबाही हसला.

नंतर जानेवारीत एका सोमवारी सहा दहाची बस आलीच नाही. थांब्याच्या खांबावर एक कागद चिकटवला होता. प्रवासी नसल्यामुळे सकाळची पहिली फेरी बंद करण्यात येत आहे. पुढची बस साडेसातची. कागदाखाली तीसेक प्रवासी उभे राहून तो वाचत होते.

साडेसातच्या बसने गेले की बारकीची हजेरी लागत नसे, आणि हजेरी कमी भरली तर परीक्षेला बसता येणार नव्हते. सबंध वर्ष पाण्यात गेले असते. म्हणून मायलेकी पहाटे अंधारात चालत निघू लागल्या. दीड तासाची वाट होती. संध्याकाळी बारकी माझ्यात येऊन बसायची आणि बूट काढायची, तेव्हा तिच्या टाचांना फोड आलेले दिसायचे. आई तक्रार करणारी बाई नव्हती, पण तिलाही दुकानाची पायरी चढताना भिंतीला हात लावावा लागू लागला.

"कोणाला तरी विचारायला हवं," बारकी म्हणाली.

"कोणाला विचारणार?" होयबा म्हणाला. "वरून ठरलेलं असतं सगळं. आपलं काही चालतं का?"

"वरून म्हणजे कुठून, बाबा?"

होयबाने फडके उचलले. त्याने वस्तरा पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

मित्रांनो, बारकीचे शिक्षण खरे त्या दिवशी सुरू झाले असे मला वाटते. माझ्यावर साचलेला वर्तमानपत्रांचा ढीग ती पहिल्यांदा वाचायला लागली. तोवर ती त्यात फक्त शब्दकोडे सोडवायची. नगरपालिकेची बैठक कधी होते, ठराव कोण मांडतो, आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण, हे तिने वहीत लिहून काढले. एप्रिलमध्ये निवडणूक आहे, हेही तिला त्या ढिगातच सापडले. मग ती पोस्टमन आजोबांना म्हणाली, "आजोबा, यादीत नाव घालायचा फॉर्म कुठे मिळतो?"

"शेवटचे चार दिवस राहिलेत," आजोबा म्हणाले. त्यांना इतका आनंद झाला की ते अर्धी दाढी तशीच ठेवून उठायला निघाले. होयबाने त्यांना खांदे धरून खाली बसवले.

त्या चार दिवसांत बारकीने स्वतःचा फॉर्म भरलाच, शिवाय तिच्याबरोबर चालत जाणाऱ्या मुलामुलींनाही भरायला लावला. सतरा फॉर्म माझ्या हातावर वही ठेवून भरले गेले. एकाने पत्त्याच्या जागी 'सलूनच्या मागे' एवढेच लिहिले. बारकीने ते खोडून त्याच्याकडून पुन्हा लिहून घेतले.

नंतर ती नगरपालिकेत गेली आणि बैठकीची नोंद बघायला मागितली. तिथल्या कारकुनाने आधी चष्मा काढला, मग घातला. आजवर ती कोणी मागितलीच नव्हती म्हणे. पण नियमात होते, म्हणून त्याने रजिस्टर समोर ठेवले. संध्याकाळी ती धावतच दुकानात आली आणि वही उघडून बापाला वाचून दाखवू लागली.

"बघा, बाबा. पहिल्या फेरीला चार प्रवासी. मोजणीची तारीख तेरा नोव्हेंबर. ठराव एकमताने मंजूर. आपला नगरसेवक हजर होता. त्याचाही हात वर."

"चार? चार कसे? तीस-चाळीस तर रोज असायचे."

आमच्या दुकानात भिंतीला ओल आली आहे. ती झाकायला होयबाने मागच्या वर्षीचे कॅलेंडर तसेच ठेवले होते. बारकी त्याच्यापाशी गेली, तिने मागची पाने उलटली, नोव्हेंबरवर बोट ठेवले, आणि मोठ्याने हसू लागली. मग तिने ते पान बापाला दाखवले.

तेरा नोव्हेंबरला रविवार होता.

कारखाने बंद, शाळा बंद, दवाखान्यातले वर्ग बंद. नगरपालिकेच्या माणसाने सुट्टीच्या दिवशी जाऊन कामावर जाणारे प्रवासी मोजले होते. आणि सभागृहातल्या एकानेही विचारले नव्हते की बाबा रे, तो वार कोणता होता?

"कोणीच नाही म्हटलं नाही," बारकी म्हणाली. "सगळे होयबा."

शब्द तोंडातून गेल्यावर तिने जीभ चावली. होयबाने पाठ फिरवली. त्याने कात्र्या नीट रांगेत मांडल्या, पुन्हा उचलल्या, पुन्हा मांडल्या. मला त्या दिवशी त्याची फार दया आली. आयुष्यभर लोकांनी लाडाने दिलेले नाव त्याला पहिल्यांदाच टोचले होते.

मार्च लागला आणि नशिबाने माझी बाजू घेतली. नव्या खुर्चीचा पंप गळू लागला. गिऱ्हाईक बसले की ती हळूहळू खाली जायची, आणि दाढी संपेपर्यंत बिचाऱ्याच्या हनुवटीशी आरशाची कड यायची. शेवटी होयबाने माझ्यावरचे पेपर उचलले, फाटक्या रेक्झिनला ठिगळ लावले, तेल घातले आणि मला ढकलत ढकलत आरशासमोर आणले. एकट्याने. मी मनातल्या मनात त्याला शाबासकी दिली.

बारकीने फळी घेतली. तिची खालची बाजू रंग न दिलेली होती. त्यावर तिने खडूने मोठ्या अक्षरांत तीन प्रश्न लिहिले. सहा दहाची बस बंद करताना तुमचा हात वर होता का? प्रवासी मोजले तो वार कोणता होता? निवडून आलात तर पहिल्या बैठकीत काय मांडाल? तिने फळी आरशाच्या बाजूला टांगली. माझ्यात बसणाऱ्याला ती वाचण्यावाचून गत्यंतरच नव्हते.

"गिऱ्हाइकं तुटतील," होयबा हळूच म्हणाला.

"तुटली तर फळी काढून टाकते, बाबा."

गिऱ्हाइके तुटली नाहीत. उलट दाढी न वाढलेलेही फळी वाचायला येऊ लागले. आणि निवडणुकीचे दिवस म्हणजे उमेदवारांना फोटो हवा, सभा हवी, म्हणून रोज गुळगुळीत चेहरा हवा. सलून भागात एकच. सांगायचे काय, ते आपल्या पायांनी माझ्याकडे आले.

पहिले आले टाइल्सच्या दुकानाचे मालक, तेही उमेदवार. त्यांनी फळी वाचली आणि तोंडावर फेस असतानाच म्हणाले, "बस? एक काय, दोन बस देतो! पूल रुंद करतो! डोंगरातून बोगदा काढतो!"

"आपल्याकडे डोंगर नाही, काका," बारकी म्हणाली.

"मग तर काम आणखी सोपं," ते म्हणाले. बाकावर बसलेली माणसे पोट धरून हसली. बारकीने त्यांचे उत्तर मात्र जसेच्या तसे वहीत लिहून घेतले.

दोन दिवसांनी शिवणक्लासच्या बाई आल्या. त्याही निवडणुकीला उभ्या होत्या. पुरुषांच्या सलूनमध्ये त्या कशाला येतील? पण फळीची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. बारकीने त्यांना माझ्यात बसवले. बाईंनी तिन्ही प्रश्न दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "पहिला प्रश्न मला लागू नाही. दुसऱ्याचं उत्तर मला माहीत नाही. दोन दिवस दे, बघून सांगते."

एका उमेदवाराच्या तोंडून 'माहीत नाही' ऐकून दुकान चाट पडले. दोन दिवसांनी त्या खरेच परत आल्या. रजिस्टर पाहून आल्या होत्या. "रविवार होता," त्या म्हणाल्या. "हे बघ, बस आणीनच असं मी म्हणत नाही. मला एकटीला तो अधिकार नाही. पण पहिल्याच बैठकीत पुन्हा मोजणी मागीन, कामाच्या दिवशी. मोजायला माणूस आला की तुम्ही सगळे थांब्यावर याल का?"

"येऊ," बारकी म्हणाली.

आणि मतदानाच्या आदल्या शुक्रवारी आपले नगरसेवक आले. दुकान भरलेले होते. बारकीही दवाखान्यातून परत आली होती आणि माझ्या मागच्या बाजूला उभी होती. नगरसेवक ऐसपैस बसले. होयबाने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधले, फेस लावला, वस्तरा उघडला. नगरसेवकांनी फळीकडे पाहिले आणि ते हसले.

"पोरांना कोणी तरी भडकवतं," ते मोठ्याने म्हणाले. "अहो, त्या बसला कुत्रं चढत नव्हतं. रिकामी जायची. तुमचं दुकान तर समोरच आहे. तुम्ही रोज बघत होता. रिकामीच जायची की नाही? सांगा बरं सगळ्यांना."

आणि ते थांबले. त्यांना होय हवे होते. एकतीस वर्षे ते या दुकानात कोणालाही मिळत आले होते.

होयबाचा पाय माझ्या दांड्यावर होता. तो थरथरत होता, हे दुकानात फक्त मला कळले. वस्तरा नगरसेवकांच्या गालापासून चार बोटांवर थांबला. त्याने तो खाली घेतला, मिटला आणि बाजूला ठेवला. मान हातात असताना वाद घालायचा नाही, हा वडिलांचा नियम त्याने तेव्हाही मोडला नाही. त्याने आधी मानेवरचा हात काढून घेतला.

"नाही," तो म्हणाला.

"काय?"

"नाही, साहेब. रिकामी जात नव्हती. माझी बायको त्यात असायची. माझी मुलगी असायची. रोज तीस-चाळीस माणसं असायची. तुमच्या माणसाने रविवारी मोजली. तुम्ही विचारलं नाही आणि हात वर केला." त्याने मिटलेल्या वस्तऱ्याकडे पाहिले. "मीही जन्मभर तेच केलं. म्हणून मला कळतं."

पोस्टमन आजोबांनी एकच टाळी वाजवली, आणि मागोमाग सगळे दुकान टाळ्यांनी दणाणले. माझ्या बिडाच्या पायालाही ते जाणवले. बारकी मात्र टाळ्या वाजवत नव्हती. ती दोन्ही हातांनी माझी पाठ घट्ट धरून रडत होती.

नगरसेवक तोंडावर फेस घेऊन कुठे जाणार? ते बसून राहिले. होयबाने वस्तरा उघडला आणि नेहमीसारखी गुळगुळीत दाढी केली. एक ओरखडा नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळी त्याने दुकान उघडले, पण पाटी 'बंद' अशीच ठेवली. मग एक गोष्ट घडली, जी इतक्या वर्षांत घडली नव्हती. तो माझ्यात बसला. न्हावी आपल्या खुर्चीत कधी बसत नाही. बारकीने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधले, मानेवरचे केस सारखे केले, आणि विचारले, "कोणाला देणार मत, बाबा?"

त्याने आरशातून तिच्याकडे पाहिले. "ते मी कोणालाच सांगणार नाही," तो म्हणाला आणि दोघेही खळखळून हसले. मग आईला घेऊन तिघे मतदानाला गेले. बारकीने पहिले मत दिले. परत आल्यावर ती माझ्यात बसून गोल गोल फिरली, अगदी पाच वर्षांची असताना फिरायची तशी.

शिवणक्लासच्या बाई पंधरा मतांनी निवडून आल्या. माझ्या हातावर भरलेले फॉर्म सतरा होते. कोणी कोणाला मत दिले ते मला ठाऊक नाही आणि विचारायचेही नसते. पण ज्यांना वाटते की आपल्या एकट्याच्या मताने काय होणार, त्यांनी हे दोन आकडे जवळजवळ ठेवून बघावेत.

बाईंनी शब्द पाळला. मे महिन्यातल्या एका मंगळवारी पहाटे, सहाच्या आधी, नगरपालिकेचा माणूस वही घेऊन थांब्यावर आला. होयबाने दुकान लवकर उघडून मला खिडकीकडे फिरवून ठेवले होते, म्हणून मी सगळे पाहिले. दवाखान्यातल्या बाया आल्या, कारखान्यातली माणसे आली, नर्सिंगच्या मुली आल्या. आमचे पोस्टमन आजोबाही टोपी घालून रांगेत येऊन उभे राहिले.

"आजोबा, तुम्हाला कुठे जायचंय?" बारकीने विचारले.

"कुठेच नाही. एक आकडा वाढेल ना!"

"बाहेर या बघू. खोटा आकडा त्यांनी केला होता. आपला खरा हवा."

आजोबा हिरमुसले होऊन रांगेबाहेर आले, पण मला वाटते, त्यांना तिचा अभिमान वाटला असावा. कारण त्यांनी टोपी काढून हातात धरली. खरा आकडा भरला त्रेचाळीस. मोजणाऱ्याने तो लिहिला, आणि बारकीने त्याच्या खांद्यावरून डोकावून वार लिहिला आहे की नाही हेही पाहून घेतले.

जूनच्या पहिल्या सोमवारी, सहा वाजून दहा मिनिटांनी, बस आली. थांब्यावर असा आरडाओरडा झाला की ड्रायव्हर आधी घाबरला आणि मग त्यानेही हॉर्न वाजवला. बारकीची आई खिडकीपाशी बसली आणि तिने दुकानाकडे पाहून हात हलवला. बारकी परीक्षेला बसली, पासही झाली. चालून चालून तिने हजेरी भरून काढली होती. वर्ष वाचले.

माझी जागा आता आरशासमोर पक्की आहे. नव्या रेक्झिनचा रंग जरा भडक आहे, पण ते चालायचेच. फळी मात्र भिंतीवरून उतरली नाही. बाई निवडून आल्या त्याच आठवड्यात बारकीने ती ओल्या फडक्याने पुसली आणि नवे प्रश्न लिहिले. बाई आल्या, त्यांनी वाचले आणि म्हणाल्या, "अगं, मला श्वास तर घेऊ दे!" पण त्यांनी ते आपल्या वहीत लिहून घेतले.

मित्रांनो, जुनी वस्तू म्हणून मला एकच विनवणी करायची आहे. माझ्या पोटात महिन्याला तेल घातले नाही, तर मी वर जाणार नाही. तुमच्या गावाचा कारभारही असाच आहे. एकदा मत दिले आणि पाच वर्षे त्यावर वर्तमानपत्रे साचू दिली, तर तो गंजेल. अठरा पूर्ण झाली की यादीत नाव घाला. नोंद बघायला मागा. वार कोणता होता ते विचारा. आणि जिथे नाही म्हणायचे आहे तिथे, पाय थरथरला तरी, नाही म्हणा.

परवाच पोस्टमन आजोबा माझ्यात बसले होते. म्हणाले, "काय हो, बस आता अगदी झकास चालते, नाही का?"

होयबाने कात्री थांबवली.

"नाही," तो म्हणाला. "रोज चार मिनिटं उशिरा येते." आणि त्याने खडू उचलला.